कापसाची खाज

दिवाळीपासून पंजाबरावांच्या घरात कापूस ऐसपैस राहत होता आणि माणसं अंग चोरून. पुढची खोली जमिनीपासून थेट छपराच्या टिनापर्यंत भरलेली. मधल्या खोलीत अर्धी भिंत कापसाची, आणि उरलेल्या अर्ध्यात पंजाबराव, त्यांची बायको सत्यभामा, दहावीतली मोनाली, चौथीतला श्रेयस, गव्हाची कोठी आणि शिवणयंत्र. टीव्ही नोव्हेंबरातच आत गडप झाला होता. तो नेमका कोणत्या कोपऱ्यात आहे हे सत्यभामेला ठाऊक होतं म्हणे, पण काढायला जाणार कोण?

बाहेरून येणारे पाहुणे दारातून डोकावून म्हणत, "वा पंजाबराव, पांढरं सोनं!" या पाहुण्यांना फेब्रुवारीत त्या ढिगावर आठ दिवस झोपवायला पाहिजे, असं मोनालीचं मत होतं. नवा कापूस छानच असतो, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. डिसेंबरात ती आणि श्रेयस त्यावर मनसोक्त उड्या मारत, कारण कापूस दाबायला पोरांचे पायच लागतात. पण तोच कापूस दोन-तीन महिने घरात कोंडला की त्याची कळा जाते. सरकीचा कोंदट तेलकट वास भाताला लागतो, चहाला लागतो. उंदरांच्या लेंड्या वरून टपकतात. बोंडांतून आलेल्या गुलाबी अळ्या सरकीतून बाहेर पडून भिंतीवर चढतात, आणि वर चढलेली अळी कधीतरी खाली पडणारच. एकदा ती श्रेयसच्या वरणात पडली. त्यानं चमच्यानं बाजूला काढली आणि जेवत राहिला. मोनाली ताटावरून उठली ती त्या दिवशी जेवलीच नाही.

आणि मग ऊन चढलं तशी खाज उठली.

आधी मनगटाजवळ, मग कोपराच्या आत, मग पोटावर, पाठीवर. लाल लाल पुरळ, आणि खाज अशी की झोपेतही नखं चालू. सगळ्या घराला हाच त्रास होता. पंजाबराव दाराच्या चौकटीला पाठ घासत आणि घासता घासता मोबाइलवर बाजाराचे व्हिडिओ बघत. सत्यभामेनं सगळ्यांना करंजाचं तेल चोपडलं, म्हणजे आता अंगाला खाज होतीच आणि वर वासही आला. घरात कोणी याला रोग म्हणत नव्हतं. 'कापूस लागला' म्हणत, जसं ऊन लागलं म्हणावं तसं. कापूस गेला की जाईल, एवढंच त्याचं औषध.

"बाबा, कवा जाणार हाये कापूस?" मोनाली रोज विचारायची.

"जाईन नं. भाव चढून राह्यला, थोडं थांब."

"माही परीक्षा हाये."

"मंग? कापूस काय तुह्या पेपरात लुडबूड करते?"

करत होता ना. गणिताच्या वहीचं पान उलटायला हात उचलला की तो कोपराकडे जायचा. प्रमेय अर्ध्यात राहायचं.

त्यातून शेतातलं काम काही कोणी माफ केलं नव्हतं. पहाटे उठून शेण काढायचं, मग आईबरोबर हरभरा उपटायला जायचं, दहाच्या आत घरी येऊन आंघोळ करून शाळेत. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, खारट-आंबट, पहाटेच्या दवानं ती हातांवर उतरते. चांगल्या कातडीला ती नुसती चुरचुरते. खाजवून सोललेल्या कातडीला लागली की डोळ्यांतून पाणी काढते. मोनाली दोन ओळी उपटायची आणि दात आवळून हात फ्रॉकला पुसायची. तिला त्या हरभऱ्याचा, त्या कापसाच्या पऱ्हाटीचा, शेणाच्या टोपल्याचा, सगळ्याचाच वीट आला होता, आणि हे ती कोणालाही तोंडावर सांगायला तयार होती.

एक गोष्ट मात्र तिला मनापासून हवी होती, ती म्हणजे ज्योत.

गावातल्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला एक पितळी दिवा पेटवतात. दहावीतला पहिला विद्यार्थी तो नववीतल्या पहिल्याच्या हातात देतो. ज्ञानाची ज्योत पुढच्या वर्गाला सोपवली, असं म्हणतात. दोन मिनिटांचं काम. पण पाचवीत असताना मोनालीनं ते पहिल्यांदा पाहिलं होतं, सतरंजीवर सगळ्यात पुढे बसून. तेव्हा एका धनगराच्या मुलीनं ज्योत दिली होती आणि तिचे आईवडील मागे उभे राहून नुसते बघत होते. मोनालीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. तेव्हापासून पाच वर्षं तिनं पहिला नंबर सोडला नव्हता. कापूस वेचून यायची, निंदून यायची, आणि नंबर पहिला. गेल्या वर्षी नववीत तिनं ज्योत घेतली होती, आता द्यायचीही तिनंच, त्यात कोणाला शंका नव्हती. समारंभ फेब्रुवारीच्या तिसऱ्या गुरुवारी होता.

त्याच्या बारा दिवस आधी विज्ञानाच्या तासाला ती फळ्यावर आकृती काढायला उठली, आणि हात वर केला तशी बाही खाली घसरली.

"थांब," नंदकिशोर सर म्हणाले. "हे काय आहे हाताला?"

नंदकिशोर सर यवतमाळचे. घरात तीन पिढ्या नोकरीच्या. दिग्रसला खोली करून राहायचे आणि मोटारसायकलवर येऊन-जाऊन करायचे. शिकवायला चांगले होते, हे मोनालीलाही मान्य होतं. कापसाबद्दलही ते छान शिकवायचे, काळी माती, धाग्याची लांबी, सगळं फळ्यावर काढून. फक्त कापूस असलेल्या घरात ते कधी झोपले नव्हते.

"कापूस लागला, सर," मोनाली म्हणाली.

"काय लागला?"

"कापूस. घरात भरून ठेवला नं, त्याची खाज हाये."

सर हसले. वाईट नाही हसले, शिक्षक चुकीच्या उत्तराला हसतो तसे हसले. "अगं, कापसानं कोणाला खाज येते का? कापसाचे तर कपडे घालतो आपण. बाळाला गुंडाळतो कापसात. ही खरूज आहे."

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं.

"नाई सर, खरंच कापसानं होते. साऱ्याइलेच होते."

सर माणूस न्यायी होता. त्यांनी खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे वळले. "बरं. ज्यांच्या घरी कापसानं खाज आली आहे त्यांनी हात वर करा."

एकतीस पोरं होती वर्गात. दोन-चार सोडली तर सगळ्यांच्या घरी कापूस. फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर आणि अर्धा वर्ग पूर्ण बाह्यांचे स्वेटर घालून बसलेला, हे सरांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. मोनालीनं केतकीकडे बघितलं. केतकी तिच्या शेजारी पहिलीपासून बसत आलेली, दोन गल्ल्या सोडून घर, आणि त्या घरात कापसाच्या दोन खोल्या. त्या दाबायला डिसेंबरात मोनालीच गेली होती. केतकी पुस्तकात बघत होती. श्रावण बाहेर बघत होता. रवीनं हात उचलल्यासारखा केला आणि केसांतून फिरवून खाली घेतला.

एकही हात वर आला नाही.

"बघ," सर म्हणाले. "लाजू नकोस. रोग आहे, औषधानं बरा होतो. तोपर्यंत मागच्या बाकावर एकटी बस, म्हणजे इतरांना लागायला नको."

मोनाली दप्तर घेऊन मागे गेली. तिला वाटलं होतं रडू येईल. आली ती मळमळ, वरणात अळी बघून आली होती तशीच.

पुढचे दिवस कसे गेले हे सांगण्यात अर्थ नाही, पोरं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. तिनं प्यायलेल्या नळाला कोणी तोंड लावेना. तिची पट्टी कोणी मागेना. 'खरूजबाई' हे नाव पाचवीच्या वर्गापर्यंत पोचलं. आणि गंमत बघा, हे नाव ठेवणारा श्रावण रोज मधल्या सुट्टीत मुतारीच्या मागे जाऊन भिंतीला पाठ घासायचा. मोनालीनं स्वतः पाहिलं. एकदा त्यानंही तिला बघताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो आणखी मोठ्यानं ओरडला, "खरूजबाई!"

मग नववीतली गौरी, जिला ज्योत घ्यायची होती, तिची आई शाळेत येऊन गेली. ती काय बोलली ते मोनालीला कळलं नाही, पण वर्गशिक्षिका मंजुषा मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि डोळ्यांत न बघता सांगितलं, "दुसरा नंबर केतकीचा, यावर्षी ज्योत ती देईल. तुझं नाव पहिली म्हणून वाचणार आहोत हं आपण. नाव वाचणारच."

संध्याकाळी शाळेतून येताना मोनालीनं केतकीला पुलाजवळ गाठलं. पुढं होऊन वाटच अडवली.

"तुह्या मानेवर पावडर कायची हाये व?"

केतकीनं ओढणी सारखी केली. "घामोळ्याची."

"फेब्रुवारीत घामोळं?"

केतकीचा एकदम बांध फुटला. "मी हात वर केला असता त मले बी मांगं बसवलं असतं नं! काय फायदा झाला असता, सांग? दोघीबी बसलो असतो."

"हो. दोघी बसलो असतो."

"तुले त तसंबी बसवलंच होतं, मोना."

हे केतकी अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली. तिला खरोखर वाटत होतं की हिशेब बरोबर आहे, एक गेलीच आहे तर दुसरी कशाला जाऊ द्यायची. मोनालीला तिचा इतका तिटकारा आला की तिच्याशी भांडावंसंही वाटेना. ती पुलावरून खाली थुंकली आणि घरी निघून गेली.

घरी आल्याबरोबर तिनं पंजाबरावांवर तोफ डागली. सरांचं हसणं, मागचा बाक, सगळं सांगितलं, ज्योत गेल्याचं तेवढं गिळलं. "हा कापूस आजच्या आज बाहेर काढा. नाई त मी जातो बाहेर."

"अवं, लोकाइनं बी ठेवला हाये," पंजाबराव पाठ घासायची थांबवून म्हणाले. "त्याइच्या पोरी नाई बोंबलत."

"त्याइच्या पोरी झाकून राह्यल्या, बाबा! सारे झाकून राह्यले!"

सत्यभामा चुलीपाशी होती, ती पदर खोचत उठली. "मी येतो उद्या शाळेत. माह्या पोटावरचं दाखवतो त्या सरले. साडीचा पदर बाजूले करून दाखवतो, मंग पाहू कसा हासते."

"नको येऊ, आई."

"काहून नको?"

"तू एकलीच दाखवशीन. मंग म्हणतीन, साऱ्या घराले खरूज हाये."

सत्यभामेनं खोचलेला पदर सोडला. ती पुन्हा चुलीपाशी बसली. पंजाबराव कापसाच्या ढिगाकडे बघत नेहमीचंच म्हणाले, पण यावेळी हळू आवाजात. "थोडं थांब बाई. काही दिवस."

मोनालीनं सतरंजी उचलली आणि गोठ्यात गेली. बैलांच्या शेजारी एक बाजू झाडून तिथं पुस्तकं मांडली. बैल मुतायचे, माशा यायच्या, शेणाचा वास होताच. ज्या शेणाला ती दोन वर्षं नाकं मुरडत आली होती त्याच्या शेजारी तिनं इतिहासाचे चार धडे संपवले आणि रात्री तिथंच झोपली. बैल निदान काही लपवत नाहीत, असं तिला वाटलं. दोन-तीन दिवसांत हातांवरचं पुरळ जरा बसायला लागलं, पण ते बघायला वर्गातलं कोणी तिच्या इतक्या जवळ येतच नव्हतं.

गुरुवार उजाडला. शाळेच्या पटांगणात कापडी मांडव, माईकवर "हॅलो हॅलो," स्वयंपाकघरातून आलूबोंड्यांचा वास. समारंभ दुपारी होता. सकाळी साडेदहाला मात्र एक पांढरी गाडी फाटकातून आत आली. नंदकिशोर सरांनीच आरोग्य पथकाला कळवलं होतं, खरजेची साथ पसरू नये म्हणून. साथीचं नाव होतं मोनाली.

डॉक्टर मॅडम जाडजूड, घाईत, कपाळावर घाम. त्यांनी वर्गात येऊन मोनालीचा हात धरला. बारा दिवसांत तिचा हात धरणारं शाळेतलं ते पहिलं माणूस. बोटांच्या बेचक्यांत बघितलं, मनगट उलटं करून बघितलं, आणि विचारलं, "घरी कापूस भरून ठेवला काय?"

"हो."

"त्याच खोलीत झोपता?"

"आधी झोपत होतो. आता मी गोठ्यात झोपतो."

"म्हणून सुकलं." डॉक्टर मॅडम सरांकडे वळल्या. "सर, ही खरूज नाही. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावतात. एकापासून दुसऱ्याला लागत नाही. कालच शेजारच्या गावात चाळीस माणसं बघून आले मी." मग त्यांनी वर्गावर नजर टाकली, ते स्वेटर बघितले, आणि अशा आवाजात म्हणाल्या की कोणाला नाही म्हणायची सोय राहिली नाही, "बाह्या वर करा सगळ्यांनी. सगळ्यांनी!"

बाह्या वर गेल्या. त्यांनी बाकाबाकावरून जात मोजलं. एकतिसांपैकी तेवीस. श्रावणचा सदरा त्यांनी वर करायला लावला, पाठ तर सोललेल्या संत्र्यासारखी झाली होती. केतकीच्या मानेवर पावडरीचे थर, आणि त्याखाली लालभडक.

आणि मग वर्ग हसायला लागला. "तुलेबी?" "अबे, तुलेबी?" एकमेकांचे हात धरून दाखवत होते, कोणाचं जास्त, कोणाचं कमी. इतके दिवस दडवलेलं एकदम मोकळं झालं होतं, सगळे खाजवत होते आणि सगळ्यांना हलकं वाटत होतं. श्रावण मोठ्यानं म्हणाला, "सारेच खरूजबाई!" आणि सर्वांत जास्त हशा त्यालाच मिळाला. कोणी मोनालीकडे बघितलं नाही. बघायचं राहूनच गेलं.

मोनाली आपल्या मागच्या बाकाशी उभी होती. तिला वाटलं होतं, ज्या दिवशी हे उघडं पडेल त्या दिवशी आपण जिंकू. तो दिवस आला होता आणि तिला वरणातली अळीच आठवली.

नंदकिशोर सर तिच्याजवळ आले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "मोनाली, बेटा, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं हे. आता काहीच प्रश्न नाही. दुपारी ज्योत तूच द्यायची."

केतकी पुढे झाली आणि म्हणाली, "हो व मोना, तूच दे. मी मनापासून सांगून राह्यली."

मोनालीनं सरांकडे बघितलं. "सर, खरूज असती त?"

"नाही ना पण. डॉक्टर मॅडमनी सांगितलं ना आत्ता."

"असती त?"

सरांनी डॉक्टर मॅडमकडे बघितलं. त्या आपली पेटी आवरत होत्या.

"औषध घेऊन..." सर म्हणाले, "म्हणजे बरी झाल्यावर..."

"ज्योत देऊ दिली असती का, सर?"

खोटं बोलता येणाऱ्यांतले सर नव्हते, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला पाहिजे.

मोनालीला ज्योत हवी होती. आत्ता, या घडीलाही हवी होती, पाचवीतल्या त्या सतरंजीवरून हवी होती तेवढीच. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आई-बाबा दुपारी येणार होते, आईनं ठेवणीतली साडी काढली होती. पण तिच्या डोळ्यांसमोर तो दिवा आला आणि त्या दिव्याला लागलेले हात आले, ते सगळे हात, जे वर उठले नव्हते.

"मी नाई देत," ती म्हणाली.

"अगं, का? आता तर सगळं..."

"मले किळस येते, सर."

"कशाची?"

तिनं एकेकाकडे बघितलं. रवीकडे, श्रावणकडे, केतकीच्या ओल्या झालेल्या पावडरीकडे, आणि शेवटी सरांकडे.

"तुमची साऱ्याइची," ती म्हणाली.

दुपारी ज्योत केतकीनं दिली. गौरीनं ती घेतली, आणि घेताना तिची बोटं केतकीच्या बोटांना लागली तरी काही बोलली नाही. टाळ्या झाल्या. मोनालीचं नाव कबूल केल्याप्रमाणे वाचलं गेलं. ती या वेळी मागे गेली नाही, पहिल्या ओळीत मधोमध बसली, दोन्ही बाह्या दंडापर्यंत गुंडाळल्या, आणि नंदकिशोर सरांचं भाषण चालू असताना सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतकं खसाखसा खाजवलं. मंजुषा मॅडमनी दोनदा डोळे मोठे केले. तिनं खाजवणं थांबवलं नाही. मागे उभी असलेली सत्यभामा पोरीकडे बघत होती. ज्योत दुसरीच्या हातात का, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.